तुम्ही विचारलंत म्हणून: फियाटचे पार्ट अजून मिळतात का?

पेट्रोल पंपावर, मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये, शाळेच्या फाटकाशी, कुणी ना कुणी थांबवून हेच विचारतं. "मॅडम, हिचे पार्ट मिळतात का अजून?" त्याला जोडूनच दुसरा प्रश्न असतो, "पंधरा वर्षांनंतर गाडी चालते का पण कायद्यानं?" गाडी प्रीमियर पद्मिनी, १९९२ ची. किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी वडिलांनी घेतलेली. लातुरात तिला पद्मिनी कुणीच म्हणत नाही, सगळ्यांची ती फियाटच. मी ती रोज चालवते. प्रश्न मनापासून असतो, आणि विचारणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या वाड्यात अशीच एखादी गाडी ताडपत्रीखाली उभी असते. म्हणून एकदा नीट सांगते.

कायद्याचं थोडक्यात. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल बंद हा नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागासाठी झाला. आपल्याकडे खाजगी गाडी पंधरा वर्षांनी आरटीओत तपासणीला न्यायची, पास झाली की पाच वर्षांसाठी नोंदणी पुढे चालू. सोबत हरित कर, विमा, पीयूसी आणि आता नवी सुरक्षा नंबरप्लेट. फी मात्र वाढली आहे. मोटारीला सहाशे रुपये लागायचे, ते एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींना दहा हजार झाले. ज्याची गाडी नुसती उभी आहे त्यानं हा हिशेब आधी करावा.

आता पार्ट. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट अकराशे डिलाइट बनू लागली, तिलाच १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळालं. नवं शतक उजाडता उजाडता उत्पादन थांबलं. तरी पुढं वीसेक वर्षं आम्हाला पार्टची फारशी चिंता नव्हती, आणि त्याचं कारण मुंबईची काळी-पिवळी. हजारो टॅक्सीवाल्यांचं पोट त्या गाडीवर होतं, म्हणून क्लच प्लेट, वॉटर पंप, डेल्कोची (प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) कॅप, सगळं कुणीतरी बनवत होतं, कुणीतरी दुकानात भरून ठेवत होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही उरली नाही. खरी अडचण तिथून सुरू झाली. कमांडर-मार्शल जीपचे पार्ट आजही तालुक्याच्या दुकानात मिळतात, कारण खेड्यापाड्यात त्या जीपवर अजून कुणाचं तरी घर चालतं. जुनी गाडी ठेवायची तर मी पहिल्यांदा हेच बघायला सांगेन, की तिच्यावर आज कमावतं कोण.

तरीही माझी गाडी चालू आहे. त्याचं श्रेय मी लातूरच्या मोटर रिवाइंडिंगवाल्यांना, पंपसेटच्या दुकानांना आणि लेथवाल्यांना देते. दुकानात जाऊन "फियाटचं बेअरिंग द्या" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बंद झालं." पण बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०३ म्हणजे आतून १७, बाहेरून ४० आणि जाडीला १२ मिलिमीटर, मग ते मोटारीतलं असो की विहिरीवरच्या मोटरीतलं. ऑइल सीलचंही तसंच, आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. फॅन बेल्टवर नंबर असतो. गाडीचं नाव सांगू नका, नंबर सांगा किंवा जुना नग पुसून काउंटरवर ठेवा. शेतीच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या गावात यातलं बहुतेक सगळं मिळतं.

जे तसं मिळत नाही त्यातलं बरंच लेथवर होतं. पुढची चाकं ज्या उभ्या पिनवर वळतात त्या किंगपिनचे बुश, म्हणजे तिच्याभोवतीच्या धातूच्या नळ्या, झिजले की स्टिअरिंग थरथरतं. मागच्या वेळी तयार संच कुठंच मिळेना. औसा रोडकडच्या एका लेथवाल्याकडं जुने बुश नेले. तो दिवसभर ट्रॅक्टरचं काम करतो. नवा संच शोधते आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "ताई, कशाला हिंडूलालाव? मी करून देतो की." व्हर्नियर लावून त्यानं पिनचं माप तीन ठिकाणी घेतलं, कारण पिन मधे कमी आणि टोकांना जास्त झिजते. गनमेटलचा तुकडा लेथच्या चकमध्ये धरला, पिवळा कीस खाली पडत गेला, बुश तयार झाले, ते दाबून बसवले. खरं काम त्यानंतरचं. वरचा आणि खालचा बुश एका रेषेत यावेत म्हणून त्यानं एकच लांब रिमर, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणायचं हत्यार, दोन्हींतून हळूहळू फिरवला, मधूनमधून काढून पुसला, पिन घालून पाहिली, पुन्हा फिरवला. शेवटी तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबानं आत गेली आणि सोडल्यावर आपोआप खाली घसरली नाही. "आता ग्रीस चुकवू नका," एवढंच तो म्हणाला. ग्रीसगन लावायची ती जुनं काळं ग्रीस कडेनं बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. ही कामं जाणणारी माणसं आपल्या गावात आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

आमचे मिस्त्री चाचा वयानं सत्तरीकडं झुकलेले. गाडीला काही झालं की त्यांचं पहिलं वाक्य, "ताई, लोखंडाला काय होत नसतंय. रबर बघा आधी." मराठवाड्याच्या उन्हात, एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली उभ्या गाडीचं रबर कडक होतं, मग तडकतं. ब्रेकचे कप, मास्टर सिलिंडरचं किट, इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी फाउंडेशन, होज पाइप, काचेचं बीडिंग, एसी पंपाचा (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा) पडदा, सगळं त्यातच आलं. जुन्या दुकानात "ओरिजिनल कंपनीचा माल आहे, सीलबंद" म्हणून एखादं पाकीट फार कौतुकानं पुढं केलं जातं. लोखंडी वस्तू असेल तर डोळे मिटून घ्या. रबराची असेल तर घेऊ नका. पाकिटात ठेवलं तरी रबराचं वय थांबत नाही. बोटांत धरून वाकवा, घडीवर बारीक चिरा दिसल्या की परत द्या. ब्रेकचे कप मी गाडीच्या नावानं मागत नाही, व्यास मोजून ताज्या मालातले घेते. फाउंडेशन आणि सस्पेन्शनचे बुश वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात नमुना देऊन बनवून घेतले. तिथं गाड्यांच्या कारखान्यांमुळं रबर मोल्डिंगचं काम करणारे बरेच आहेत. थोडे नग करायला ते तयार नसतात, म्हणून ओळखीच्या फियाटवाल्यांची मागणी एकत्र केली. ब्रेकच्या बाबतीत मात्र जुगाड नाही. लेथवालाही ते करत नाही आणि करायला सांगूही नये.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्याच पट्ट्यातल्या उसाचंही आहे, शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो, मला ते मान्य आहे. पण फियाटचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा या पेट्रोलसाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात. मी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा पाइप बदलून इंजेक्शनच्या गाड्यांना लागतो तो फ्युएल होज टाकला, आणि चाचांनी कार्ब्युरेटर थोडा रिच केला, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल थोडं वाढवलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नये. भर उन्हात पंप तापून गाडी बंद पडलीच, तर पंपावर ओलं फडकं टाकून थोडं थांबावं.

पाण्याचंही बोलायला हवं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवसांत मिळेल त्या बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये गेलं आणि नंतर गावातल्या रेडिएटरवाल्यांकडं रांग लागली. आपल्या बोअरच्या जड पाण्याचा क्षार पितळी नळ्यांत बसतो आणि गाडी चढाला उकळते. फियाटचा रेडिएटर उघडून, नळ्यांत सळई फिरवून, पुन्हा डाग देऊन बसवता येतो. आताच्या प्लॅस्टिक टाकीच्या रेडिएटरला ते जमत नाही, आख्खा बदलावा लागतो. मी बॅटरीचं पाणी आणि कूलंट एवढंच घालते.

काही गोष्टी मात्र ना नंबरानं मिळतात, ना लेथवर होतात. पुढची काच, टेल लॅम्पची भिंगं, डेल्कोची कॅप, कार्ब्युरेटरची बॉडी. त्यासाठी मुंबईत ऑपेरा हाउसजवळची दुकानं, कुर्ल्याचा जुना माल, पुण्यात नाना पेठ, हैदराबादला राणीगंज. फोटो पाठवताना शेजारी पट्टी ठेवून पाठवा, नाहीतर वर्षाप्रमाणं बदललेला नग हमखास येतो. पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघतं आणि सकाळी इथं मिळतं. शिवाय गावातल्या दोन भंगारवाल्यांना सांगून ठेवलंय की फियाट आली तर जालन्याच्या भट्टीकडं रवाना करण्याआधी मला फोन करा. दारं, काचा, हँडल, दिवे अशा गाडीतून सुटतात. माझी मागची उजवी काच तशीच आली.

ज्यांची गाडी वर्षानुवर्षं उभी आहे, त्यांच्यासाठी. बॅटरी लावून लगेच सेल्फ मारू नका. जुनं पेट्रोल काढून टाका. प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस राहू द्या. मग प्लग न लावताच गाडी टॉप गिअरला टाकून हळू पुढं-मागं ढकला. इंजिन मोकळं फिरलं तर पुढचा खर्च करण्यात अर्थ आहे. वायरी उंदरांनी कुरतडल्या आहेत का ते बघा. आणि ब्रेकचं सगळं रबर बदलल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका, शेजाऱ्यापर्यंतसुद्धा नाही. डेल्कोच्या कॅपा माझ्याकडं जास्तीच्या आहेत. इंजिन फिरलं आणि कॅपेवाचून अडलं, तर सांगा.