नारद अडला तेव्हा

आमच्या दशावतारी कंपनीत मी पेटी वाजवतो. बावीस हंगाम झाले. कार्तिकात पेटारा बाहेर निघाला की रोज नवं गाव, नवी जत्रा. रात्री नाटक, दिवसा झोप. नवी पोरं आता कुठली येतायत, असं आम्हीच म्हणायचो. यंदा एक आला. आयटीआय झालेला, वायरमनची कामं करणारा, एकोणीस वर्षांचा.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी तोंडं रंगवता रंगवता मालक आख्यान सांगतो, सोंगं वाटतो. बोलायचं ते ज्याचं त्याने. या पोराने मात्र मोबाइलवर जुने प्रयोग बघून नारदाची भाषणंच्या भाषणं पाठ करून आणलेली. पहिले काही दिवस तो आडदशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या पूर्वरंगात, गणपतीबरोबर रिद्धी होऊन नुसता नाचला. मग वेंगुर्ल्याकडच्या एका जत्रेत जालंधराचं आख्यान लागलं आणि मालकाने त्याला नारद दिला. त्या दिवशी देवाला घातलेल्या गाऱ्हाण्यात 'व्हय म्हाराजा' म्हणताना याचा आवाज सगळ्यांच्या वर.

नारद आत आला तेव्हा दोन वाजून गेले होते. पुढची पोरं आईच्या मांडीवर आडवी झालेली. रंगमंचावर सामान म्हणजे एक बाकडं. तेच सिंहासन, तेच कैलास. त्यावर बसलेल्या आमच्या जालंधराने मिशीला पीळ दिला आणि मुद्दाम वाकडा चेंडू टाकला.

"मुनिवर, कैलासावरून आलात? मग आज तिथे जेवायला काय होतं?"

पाठांतरात जेवण नव्हतं. पोराच्या हातातल्या चिपळ्या थांबल्या. कपाळावरचा घाम गंधातून ओघळून नाकाच्या शेंड्यावर आलेला मला बसल्या जागेवरून दिसत होता. नट अडला की पेटीने पद सुरू करून त्याला सोडवायचं, हे आमचं कामच. माझी बोटं पट्ट्यांवर गेली, तर शेजारच्या पखवाजवाल्याने माझं मनगट धरलं. "थांब रे."

"राजन्, कैलासावर कसलं जेवण!" पोर एकदाचं बोललं. "महादेवांच्या सापाचा डोळा गणपतीच्या उंदरावर, कार्तिकेयाच्या मोराचा सापावर आणि पार्वतीमातेच्या सिंहाचा नंदीवर. सगळेच उपाशी, चूल पेटवायची कोणी?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला मात्र गार केलं ते पुढच्या वाक्याने. "पण असला संसार हसतमुखाने सांभाळणारी ती पार्वती एकदा बघशील, राजन्, तर तुझं हे वैभव तुलाच फिकं वाटेल." जालंधराच्या मनात पार्वतीचा मोह पेरायचा, म्हणून तर नारद येतो! जेवणावरून सुटून तो बरोबर आख्यानाच्या वाटेला लागला होता. मी पद सुरू केलं, पण आता सोडवायला नव्हे.

पहाटे दहीकाला होऊन खेळ संपला. टेम्पोत पेटाऱ्याला टेकून पोर खोबरेल तेलाने रंग पुसत होतं. एका कानामागे पांढरं तसंच राहिलेलं.

"काका, फाल्या खंयचा आख्यान?"

जालंधराने डोळे न उघडताच सांगितलं, "तां रंगताना समाजतला."