बांगाई कार्डिनल अपडेट: २७ दिवसांनी नराने तोंड उघडलं

झालं एकदाचं, काल रात्री! बांगाई कार्डिनल या माशात अंडी आणि पिल्लं नर आपल्या तोंडात सांभाळतो. २७ दिवस उपाशी होता बिचारा, आर्टेमिया (माशांना घालतात ती इवलीशी कोळंबी) समोरून गेला तरी तोंड फिरवायचा. शेवटचे चार-पाच दिवस जबडा जरा सैल केला की आत चंदेरी डोळे लुकलुकताना दिसायचे, मी टॉर्च घेऊन टँकला नाक लावून बसलेलो आणि आई म्हणते घरात बाळंतीण असल्यासारखा कुजबुजत काय बोलतोस.

२३ पिल्लं मोजली. जेमतेम नखाएवढी पण काळे पट्टे, लांब पर सगळं आईबापासारखंच. मागच्या वेळी नराला वेगळं काढलं नव्हतं आणि मोठ्यांनीच फराळ केला, चूक माझीच. यावेळी ब्रीडर बॉक्समध्ये (पिल्लांसाठीची वेगळी पेटी) काळ्या केबल टायचा खोटा समुद्री साळिंदर, म्हणजे काटेरी सी अर्चिन, करून टाकलाय (पिंगपाँग बॉलला भोकं पाडून). सगळी त्याच्या काट्यांत जाऊन उभी राहिली, आणि हलायला तयारच नाहीत.

आता गंमत बघा, बाजूच्याच टँकमध्ये ऑसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी आहे. त्यांची अंडी लाईट बंद झाल्यावर फुटतात, पारदर्शक लार्व्हा (नुकती फुटलेली पिल्लं) पाण्याबरोबर वाहतात आणि सकाळी फिल्टर सॉकमध्ये (पाणी गाळायच्या पिशवीत) सापडतात. समुद्रात हेच वाहणं दहा-बारा दिवस चालतं. पापुआ न्यू गिनीच्या किंबे बेमध्ये पर्क्युला क्लाउनफिशच्या पिल्लांचे आईबाप डीएनएवरून शोधले तेव्हा बरीचशी आपल्याच रीफवर (प्रवाळ खडकावर) परत आलेली निघाली, पण काही ३५ किमीपर्यंत लांब गेलेली. तेवढी थोडी गेली तरी दोन रीफमध्ये जीन्सची देवाणघेवाण चालू राहते.

बांगाईला ती सोयच नाही. वाहणारी लार्व्हा नाही, बापाच्या तोंडातून थेट घराजवळच्या काट्यांत. त्यामुळे सुलावेसीच्या पूर्वेला बांगाई बेटांवर काही किलोमीटरवरच्या दोन ठिकाणचे मासेसुद्धा जेनेटिकली वेगळे निघालेत, २००५ मध्ये मायक्रोसॅटेलाइट मार्कर (डीएनएतल्या ओळखीच्या खुणा) वापरून तपासलं होतं. म्हणजे एका खाडीतले पकडून संपवले तर शेजारून कोणी येऊन भरून काढणार नाही, आययूसीएनने (निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संस्था) २००७ मध्ये एंडेंजर्डमध्ये, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींत, टाकलाय तो उगाच नाही. माणसांनी नेऊन सोडलेले मात्र उत्तर सुलावेसीजवळच्या लेंबे सामुद्रधुनीत मस्त वाढले, म्हणजे जगता येत नाही असं नाही, पोचताच येत नाही!

म्हणून माझी पंचाईत अशी की पुढच्या पिढीसाठी नवी मादी हवीय, भावंडांची जोडी लावायची नाही. दुकानदाराला विचारलं कुठल्या बेटावरचा माल, तर म्हणे "इंडोनेशियाचा". बरं! वाइल्ड (समुद्रातून पकडलेला) घ्यायचाच नाही असं ठरवलंय, टँक-ब्रेड (टँकमध्येच जन्मलेला) कोणाकडे असेल आणि आईबाप कुठून आणले ते माहीत असेल तर सांगा, चार पिल्लं बदल्यात देतो.

पहिलं खाणं आज सकाळी, ताजा फुटलेला आर्टेमिया. २३ पैकी २१ जणांची पोटं केशरी दिसतायत, उरलेल्या दोघांवर लक्ष आहे.