कलम काय टाकू?

त्या दिवशी रिमांडला माझ्याकडे दोन आरोपी होते. दोघेही विधी सेवा प्राधिकरणाकडून आलेले, म्हणजे वकील लावायची ऐपत नसलेले. एक बावीस वर्षांचा मुलगा. त्याच्या खिशात गर्दची, म्हणजे हेरॉइनची पुडी सापडली होती, पंचनाम्यात वजन 2 ग्रॅम. दुसरा पंचेचाळिशीचा गवंडी. आदल्या रात्री पिऊन त्यानं बायकोच्या डोक्यात पाट घातला होता. तिला सात टाके पडले. तक्रार तिचीच होती, आणि डोक्याला पट्टी बांधून कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलेलीही तीच.

मुलाचं काम पंधरा मिनिटांत झालं. अंमली पदार्थविरोधी कायदा, 1985 चा एनडीपीएस, कडक म्हणून ओळखला जातो आणि तो आहेच. पण त्यात व्यसनी माणसासाठी एक दार ठेवलेलं आहे, कलम 64-अ. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात माल जवळ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. हेरॉइनसाठी अल्प प्रमाण म्हणजे 5 ग्रॅमपर्यंत. तोच मुलगा 6 ग्रॅमसह सापडला असता तर तो कितीही आजारी असता तरी हे दार त्याच्यासाठी बंद होतं. आणि 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुडीत मिसळलेली भुकटीही वजनात धरली जाते. हे मला कधीच पटलेलं नाही. पण त्या दिवशी पुडी 2 ग्रॅमची होती. माझ्या ज्युनियरनं मथळ्यात ‘कलम 64-अ अन्वये’ लिहिलं, मुलानं सही केली, आईनं हात जोडले.

मग गवंड्याला आणलं. त्याच्या हातातला कागद फडफडत होता. कपाळावर घाम, शर्ट पाठीला चिकटलेला. नाव विचारलं तर सांगितलं, पण मुलीचं नाव आठवायला त्याला वेळ लागला. सोबतचे हवालदार म्हणाले, “मॅडम, दारू उतरली की होतंय असं. उद्यापर्यंत ठणठणीत होईल बघा.”

उद्यापर्यंत तो ठणठणीत होणार नव्हता, हे मला एका जुन्या अशिलामुळे माहीत होतं. तोही असाच थरथरत रिमांडला आला होता आणि मी जामिनाच्या अर्जात गुंतले होते. तिसऱ्या रात्री तो कोठडीच्या भिंतीवरून मुंग्या झटकायला लागला. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. वेडाचं सोंग घेतोय असं सगळ्यांना वाटलं. दवाखान्यात नेलं तोवर त्याला तापानं घेरलं होतं. तो परत आला नाही. नंतर एका डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं: रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दिवशी थरथर आणि घाम, दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात मेंदू भरकटतो, भास होतात. त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि वेळेवर उपचार नसतील तर तो जीव घेऊ शकतो. गर्द तुटली की माणूस तडफडतो, उलट्या-जुलाबांनी बेजार होतो, पण निव्वळ त्यानं मरण येणं विरळा.

आता हे आपल्या घड्याळाशी जुळवून बघा. अटकेपासून चोवीस तासांत आरोपीला न्यायाधीशांपुढे उभं करावंच लागतं. म्हणजे दारूचा रुग्ण कोर्टात येतो तेव्हा तो नुसता थरथरत असतो. खरं वादळ येतं ते त्यानंतर, कोठडीत, जेव्हा त्याच्याकडे बघणारं कुणी नसतं.

“मॅडम, अर्ज टाइप करतोय,” ज्युनियर म्हणाला. “कलम काय टाकू?”

मी गप्प झाले. दारूबद्दल आपल्याकडे कायदे कमी नाहीत. 1949 चा दारूबंदी कायदा आहे. त्याच्याखाली आजही महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. गाडी चालवताना 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं तर पहिल्या वेळी 10 हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नशेत चारचौघांत धिंगाणा घातला तर जुन्या दंडसंहितेत 10 रुपये दंड होता, नव्या न्याय संहितेत तो 1,000 रुपयांपर्यंत गेला आणि समाजसेवेची शिक्षाही आली. 1958 च्या परिवीक्षा कायद्यात, म्हणजे आरोपीला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडायच्या प्रोबेशनच्या कायद्यात तर नशेपासून दूर राहायची अट घालायची सोय आहे. सगळीकडे ‘पिऊ नको’. व्यसनी माणसानं ते थांबवायचं कसं, त्यासाठी 64-अ सारखं कलम यांतल्या एकाही कायद्यात मला सापडलं नाही. आणि 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूमुळे मदतीची गरज असलेले 5.7 कोटी निघाले होते, अफूजन्य पदार्थांमुळे 77 लाख.

तेवढ्यात त्याची बायको आत आली. तिनं मुलाच्या आईचं बोलणं ऐकलं होतं. “ताई, त्या पोराला औषधाला पाठवताय, मग ह्याला का नाही? मला ह्याला आत टाकायचा नव्हता. काल रात्री दुसरं कुणी दारच उघडलं नाही, म्हणून चौकीत गेले.”

मी ज्युनियरला म्हटलं, नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम 56 टाक: ताब्यातल्या आरोपीच्या प्रकृतीची काळजी घेणं हे ताब्यात ठेवणाऱ्याचं कर्तव्य. आणि त्यासोबत 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा जोड. त्याच्या व्याख्येत दारू आणि ड्रग्ज यांच्या गैरवापरातून येणाऱ्या मानसिक अवस्था एकाच ओळीत बसल्या आहेत. संविधानाच्या अनुच्छेद 47 मध्येही मादक पेयं आणि अंमली द्रव्यं शेजारीशेजारीच आहेत.

सरकारी वकिलांनी हरकत घेतली: जखमी स्त्री आहे, आरोपी सुटायला बघतोय. हरकत चुकीची नव्हती, तिचे सात टाके माझ्याही डोळ्यांसमोर होते. मी जामीन मागितलाच नाही. एवढंच म्हटलं, “साहेब, कोठडी द्या, पण आधी डॉक्टरांना दाखवा. उद्या नाही, आज.” साहेबांनी त्याला पुढे बोलावलं, दोन्ही हात समोर धरायला लावले. कोर्टात सगळे ते हात बघत राहिले. मग आदेश झाला: तातडीनं जिल्हा रुग्णालयात तपासणी, मानसोपचार तज्ज्ञांचा अभिप्राय, गरज पडल्यास बंदोबस्तात दाखल.

तिसऱ्या दिवशी पहाटे तिचा फोन आला. “ताई, रात्री तो छतावर माणसं आहेत म्हणत होता. पलंगाला बांधायला लागलं. पण इंजेक्शनं चालू आहेत. आत्ता झोपलाय.”

पुढे जामीन झाला. मुलाच्या आदेशात केंद्राचा अहवाल कोर्टात द्यायची तारीख होती. गवंड्याच्या बंधपत्रात एकच ओळ: ‘मद्यप्राशन करणार नाही.’ त्यानं सही केली. बायको बाजूला उभी होती. तिनं पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून मोजली आणि मला विचारलं, “ह्या पंधरा दिवसांच्या आहेत. मग पुढं?”

मी केसपेपरच्या मागे ओपीडीचे वार लिहून दिले.