माशांची गाडी आणि रंगाखालचा गंज

मालवणात मासे विकणाऱ्यांच्या गाड्या मागून सडतात. खारा वारा सगळ्याच गाड्यांना खातो, पण इथे क्रेटमधल्या बर्फाचं खारट पाणी दिवसभर चिमट्यावर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मवर ठिबकत असतं. जेटीवरून मासे घेऊन चौके, कट्ट्यापर्यंत फिरणारा एक जण त्याची जुनी यामाहा आरएक्स-१०० मोटरसायकल घेऊन आला. त्याला फक्त रंग हवा होता. "मेस्त्रीनू, बाबांची गाडी हा. इकूची नाय."

ही गाडी कंपनीने १९९६ मध्ये बंद केली, त्यामुळे मूळ फ्रेम जपायलाच हवी. मी मागचं चाक धरून आडवं हलवलं. खटखट वाजलं; चिमट्याच्या सांध्यातल्या नळ्या, म्हणजे बुश गेलेले. चिमटा उतरवायला घेतला तर तो ज्या दांड्यावर झुलतो तो शाफ्ट जाम. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, मधली फट त्यानेच भरलेली. रात्रभर डिझेल मुरवलं. सकाळी पेट्रोलची टाकी लांब नेऊन ठेवली, बाहेरची नळी तापवली आणि टोकाला नट लावून पितळी पंचाने ठोकत गेलो. नट न लावता ठोकलं की आटे चेपतात, मग शाफ्ट भोकातच अडकतो.

निघाला तो मधोमध झिजलेला. "वेल्डिंग भरून लेथवर उतरवूया," मालक म्हणाला. ब्रेक पेडलची पिन, स्टँडचं लांबट झालेलं भोक, तिथे मी भरतो. पण मागचं चाक ज्यावर झुलतं त्या शाफ्टला नाही. वेल्डच्या कडेला पोलाद ठिसूळ होऊ शकतं. तिथे नवा शाफ्ट, नवे बुश.

चिमटा निघाला तेव्हा फ्रेमच्या खालच्या पाइपवर रंग फुगलेला दिसला. स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला, तो सरळ आत गेला. भाकरीच्या पापुद्र्यांसारखे गंजाचे थर खाली पडले. पाणी निघायचं भोक चिखलाने बुजलेलं, त्यामुळे पाइप आतून सडत आलेला. यावर रंग मारून गाडी परत दिली असती, तर भरल्या क्रेटसकट ती कुठल्या तरी उतारावर मोडली असती. वरवर रंग फासून गाड्या देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मालकाने भोकात बोट घालून बघितलं आणि म्हणाला, "करा काय ता."

चकचकीत लोखंड लागेपर्यंत सडका भाग कापला. आत घट्ट बसणारी नळी सरकवली, वर तेवढ्याच जाडीच्या पाइपचा तुकडा, मग वेल्डिंग. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का, ते दोरी ताणून तपासलं. बुजलेलं भोक मोकळं केलं, गार झाल्यावर त्यातूनच आत जाडं तेल फिरवलं. रेड ऑक्साइडचा गंजरोधक अस्तर आणि रंग अगदी शेवटी.

क्रेटखाली आता प्लास्टिकचा ट्रे बसवलाय. त्याची नळी चेन आणि चिमट्याच्या बाहेर सोडलीय. रोज घरी गेल्यावर गोड्या पाण्याने गाडी खालून धुवायची, हे त्याने कबूल केल्यावरच मी चावी हातात दिली.