पूर्ण एक मिनिट

मंगळवार, रात्री पावणेबारा.

झोप येत नाहीये. पाऊस लागून राहिलाय, हे आत झोपलेत आणि मी स्वयंपाकघरात वही घेऊन बसलेय, कारण दुपारी दवाखान्यातून येताना रिक्षात मला एकदम रडू आलं आणि ते कशानं आलं हे मला अजून कळलेलं नाही. ह्यांनी विचारलं, काय वाईट सांगितलं का डॉक्टरांनी? नाही हो, वाईट काहीच नाही, गोळ्या त्याच, तीन महिन्यांनी या म्हणाले. मग रडतेस कशाला? ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, मी पदरानं डोळे पुसले आणि विश्रामबाग येईपर्यंत बाहेर बघत बसले.

झालं एवढंच की आज मोठ्या डॉक्टरांच्या आधी एक नवीन मुलगी तपासत होती, ज्युनियर डॉक्टर, आपल्या मनूपेक्षा लहानच असेल. तिनं माझा हात धरला आणि घड्याळाकडं बघत राहिली. मला वाटलं आता सोडेल. सगळे सोडतात, दहा-पंधरा सेकंद धरायचं, मनातल्या मनात चारनं गुणायचं आणि केसपेपरवर आकडा टाकायचा, मला सवय आहे त्याची. ही सोडेचना. मी तिच्या तोंडाकडं बघितलं तर ओठ हलत होते, ती मोजत होती. मग म्हणाली, "काकू, तुमचे ठोके एकसारखे पडत नाहीत ना, त्यामुळं पंधरा सेकंदांवरून हिशेब चुकतो, पूर्ण मिनिट मोजावं लागतं." आणि तेवढ्यावर थांबली नाही, सिस्टरना हाक मारली, "सिस्टर, तुम्ही मनगट धरा, मी छातीवर ऐकते, घड्याळ एकच घेऊ." मग एक हाताशी आणि एक छातीशी अशा दोघी माझ्यासाठी पूर्ण एक मिनिट गप्प उभ्या राहिल्या. बाहेर नंबरावरून भांडण चाललेलं, कुणाचा तरी फोन वाजत होता, पण त्या हलल्या नाहीत.

छातीवर ११४ आले. मनगटावर ९६.

मी विचारलं, मग मधले अठरा कुठं गेले? विचारलं म्हणजे तोंडातून निघूनच गेलं, एरवी मी दवाखान्यात काही विचारत नाही. ती म्हणाली, काही ठोके इतक्या घाईनं पडतात की हृदयात पुरतं रक्त भरलेलंच नसतं, हृदय आकुंचन पावतं, छातीवर आवाज येतो, पण त्या ठोक्याचा जोर हातापर्यंत पोचत नाही. "म्हणजे ठोका पडलेला असतो काकू, मनगटाला कळत नाही एवढंच."

हे वाक्य दुपारपासून माझ्या डोक्यात फिरतंय.

आमच्या सांगलीत पावसाळ्यात सगळं गाव एकाच आकड्यावर जगतं, आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, भाजीवाल्यापासून बँकेतल्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना पाठ. कोयनेतून किती सोडलं, रात्रीत किती चढलं, सगळ्यांचं लक्ष असतं आणि कुणी म्हणत नाही की तुम्ही उगाच काळजी करता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही वहिनींच्या वरच्या मजल्यावर होतो, लाइट नाही, प्यायला पाणी नाही, आणि तिथंच मला पहिल्यांदा ते झालं. छातीत कुणी तरी पाखरू कोंडलंय आणि ते वाट सापडेल तिकडं धडका मारतंय असं. धाप लागली, डोळ्यांपुढं अंधारी आली, गादीवर बसले. सगळे म्हणाले, भीतीनं झालंय. मलाही तेच वाटलं, त्या रात्री कुणाची छाती धडधडत नव्हती?

पण पूर ओसरला, घरातला गाळ काढून झाला, भिंती वाळल्या, आणि ते पाखरू अधूनमधून येतच राहिलं. कधी भाकरी करताना, कधी रात्री दोन वाजता, एकदा तर गणपतीच्या आरतीत उभी असताना. वीस मिनिटं, कधी तीन तास, आणि मग आपोआप शांत. दवाखान्यात जाईपर्यंत ते थांबलेलं असायचं. ईसीजी काढायचे, नॉर्मल. एकदा चोवीस तासांचा होल्टर लावला, छातीला वायरी चिकटवून कमरेला डबी बांधून सगळी कामं केली, झोपले, आणि नेमकं त्या चोवीस तासांत काहीच झालं नाही. त्या डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्याकडं सरकवला आणि ह्यांच्याकडं बघून म्हणाले, "हार्ट एकदम ओके आहे, ह्यांना जरा टेन्शन घेण्याची सवय दिसतेय, ह्या वयात बायकांना होतं असं." ह्या वयात. बायकांना. मी तिथंच समोर बसले होते. पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि रात्री झोपेची अर्धी.

मी घेतल्या. तीन वर्षं घेतल्या. आणि सगळ्यात वाईट काय तर मला ते पटलंसुद्धा, मी स्वतःलाच म्हणायला लागले की आपला स्वभावच भित्रा, आपणच लक्ष देतो म्हणून होतं. पुढंपुढं धडधड सुरू झाली की मी कुणाला सांगायचीच नाही, देवघरात जाऊन बसायची.

सापडलं ते मोतीबिंदूच्या वेळी. ऑपरेशनच्या आधी फिटनेससाठी ईसीजी काढला तेव्हा ते नेमकं चालू होतं. टेक्निशियन मुलगा पट्टीकडं बघून म्हणाला, मावशी तुम्हाला काही होत नाहीये का? मी म्हटलं होतंय की, पण ते नेहमीचंच आहे. तो पळतच गेला पट्टी घेऊन. त्या दिवशी पहिल्यांदा ते नाव कानावर आलं, एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टर लोक नुसतं एएफ म्हणतात. वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरत राहतात, मिनिटाला तीनशे-चारशेच्या वर, आणि त्यातले जेवढे खाली उतरतील तेवढे ठोके पडतात, कसेही, कधीही. थांबलं की ईसीजी पुन्हा नॉर्मल, म्हणून तर इतके दिवस कागदावर दिसलं नाही. त्या थरथरीत रक्त साचतं, डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्याला एक पिशवीसारखा कोपरा आहे तिथं गाठ धरते, आणि ती सुटून मेंदूकडं गेली तर लकवा. धोका साधारण पाचपट. म्हणून रक्त पातळ करायची गोळी, सकाळी नऊ, रात्री नऊ, चुकवायची नाही.

पाचपट. तीन वर्षं मी ते पाचपट घेऊन पित्ताच्या गोळीवर फिरत होते.

आईचं जे झालं ते... नको. आत्ता नको.

तर मी विचार करतेय की आज रडले का. आधी वाटलं, बरं वाटलं म्हणून असेल. कुणीतरी नीट ऐकलं, त्याचं बरं वाटलं. पण बरं वाटल्याचं रडणं असं नसतं, ते हलकं करतं, ह्यानं तर माझा घसा दुखायला लागला. मग रिक्षातून उतरताना कळलं की मला राग आलाय. त्या मुलीचा नाही, ती गुणाची पोर. राग ह्याचा की ते एवढंसंच होतं. एक मिनिट! ना मशीन लागलं, ना पैसे, सेकंदकाट्याचं घड्याळ आणि तीन बोटं. एवढ्यासाठी मी आभाराचं ओझं घेऊन आले घरी, जणू कुणी माझ्यावर केवढे उपकार केलेत. जे हक्काचं असायला पाहिजे होतं त्यासाठी मला हात जोडावेसे वाटले, आणि खरंच मी त्या पोरीला निघताना हात जोडले, ती कावरीबावरी झाली बिचारी.

मनूला फोनवर सांगितलं तर ती तिथून चिडली. तिनं मागं मला सांगितलं होतं की ह्या आजारात लकव्याचा धोका काढायला मार्क धरतात, बीपीचा एक, शुगरचा एक, वयाचे, आधी झटका येऊन गेला असेल तर दोन, आणि बाई असेल तर त्याचाही एक. युरोपातल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये तो बाईचा मार्क काढून टाकला म्हणे, पण माझ्या फायलीत तो आहे, मी बघितलाय, बीपीचा एक आणि त्याच्याखाली हा. म्हणजे बाई म्हणून टेन्शन असेल असं सांगून मला घरी पाठवलं आणि नंतर बाई म्हणूनच धोका एकानं जास्त धरला. हे मला मांडता येत नाहीये नीट. पण ते आत कुठंतरी टोचतंय खरं.

लहानपणी तासगावला आजीला बघायला वैद्यबुवा यायचे. तीन बोटं मनगटावर ठेवून डोळे मिटून बसायचे, मग झोप कशी लागते, भूक कशी आहे, सगळं विचारायचे, आणि आजी अगदी पोटातलं बोलायची त्यांच्याशी. त्यांच्या काढ्यानं माझ्या हृदयातली गाठ थांबली नसती हे मला कळतं, ही गोळीच पाहिजे, ईसीजीच पाहिजे. मला जुनं परत नकोय. मला फक्त आजीला मिळायचं तेवढं बोलायला हवंय.

आता शांत झाल्यावर दुसरी बाजू पण दिसतेय. आज माझा नंबर एकेचाळीस होता आणि माझ्या मागं अजून तेवढीच माणसं, कुणी जतहून आलेलं, कुणी कवठेमहांकाळहून पहाटेच्या एसटीनं. मोठ्या डॉक्टरांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली तर शेवटच्या माणसाला मध्यरात्र होईल. ते वाईट नाहीत. आज त्या मुलीनं लिहिलेलं वाचून त्यांनी मान वर केली आणि मला, ह्यांना नाही, मला विचारलं, "जिना चढताना दम लागतो का?" मी हो म्हटलं, किती पायऱ्यांनी ते पण सांगितलं. म्हणाले, डोस तूर्त तोच ठेवू, पण पुढच्या वेळी मोजून या, ठोके असेच जास्त राहिले तर गोळी वाढवावी लागेल. आणि हे मधेच सांगायला लागले, "तिचं काय आहे डॉक्टर," तेव्हा डॉक्टर म्हणाले, त्यांना सांगू द्या. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. पण ह्यांचं तरी काय, माझ्या वतीनं बोलायची सवय ह्यांना मीच लावली की इतक्या वर्षांत. मी दवाखान्यात गेले की नुसतं "बरं वाटत नाही" म्हणायची आणि ह्यांच्याकडं बघायची.

तीन वर्षं झाली त्यात माझी चूक होती असं म्हणत नाही मी, ते मी आता कुणालाच म्हणू देणार नाही. पण पुढच्या वेळी "बरं वाटत नाही" म्हणून बसायचं नाही. ह्याच वहीच्या मागच्या पानापासून लिहायला लागायचं, तारीख, किती वाजता, किती वेळ, तेव्हा काय करत होते, पूर्ण मिनिटाचे ठोके, डाव्या कुशीवर असताना जास्त जाणवलं की उताणी असताना. (हे तिनंच विचारलं आज, डाव्या कुशीवर जास्त जाणवतं का म्हणून, आणि मला इतकं नवल वाटलं, मला वाटायचं हे फक्त मलाच होतं.) आणि मशीनचं बीपी ह्यात चुकू शकतं, हातानं दोन-तीनदा घ्यायला सांगायचं, ते पण लिहून ठेवायचं. आणि चाललं तर त्या पोरीचीच वेळ मागून घ्यायची.

त्या झोपेच्या गोळ्यांची पट्टी अजून फ्रिजवर आहे. उद्या टाकते.

आत्ता लिहितानाच सुरू झालंय, फार नाही, हलकं. पूर्वीसारखी घाबरले नाही. मनगट धरून बघितलं पण एका हातात पेन, मोजताना मधेच चुकते, कारण एक ठोका येतो, दुसरा लगेच, मग इतका वेळ काहीच नाही की आपण थांबूनच राहतो, आणि मग तीन एकदम. त्या मोकळ्या जागेत मला नेहमी आई आठवते. खाटेवर पडलेली, एक डोळा मिटत नसलेला. तिची नाडी कुणी मिनिटभर धरली होती का, हे आता कुणाला विचारणार.

हे उठले. पाणी प्यायला आले होते, माझ्याकडं बघितलं आणि खुर्ची ओढून बसलेत. होतंय का? म्हटलं हो, थोडंसं. काही बोलले नाहीत, माझा डावा हात घेतलाय आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतायत, दुपारी त्या पोरीनं धरलं होतं तसंच, तीन बोटं. बघत होते म्हणजे दुपारी. चाळीसला चुकले. थांब, परत पहिल्यापासून मोजतो म्हणाले. वही सोड म्हणतायत, हात हलतोय.