लागलं तर!

बॅग भरायला बसलं की एक आवाज सुरू होतो. असतो माझाच, पण एखाद्या काळजीवाहू आत्याचा वाटावा असा. "घे गं, लागलं तर!" छत्री घे, लागली तर. दुसरे बूट घे, पहिले भिजले तर. सुईदोरा, टॉर्च, गेल्या तीन प्रवासांत पान न उलटलेली जाडजूड कादंबरी. एकटीनं परदेशी जायचं म्हटल्यावर तर हा आवाज टिपेलाच पोचतो. तिथे ऐन वेळी मागायचं कुणाकडे?

या खेपेला त्याला दाद द्यायची नाही असं ठरवलं. दोन आठवडे: आधी आम्स्टरडॅमला मैत्रिणीकडे, मध्ये एकटीच व्हेनिस, मग परत तिच्याकडे. सामान फक्त केबिनमध्ये मावेल एवढंच. विमान कंपनीचा हुकूम ५५ बाय ४० बाय २० सेंटिमीटर आणि ७ किलो. हौसेनं माझी चाकांची बॅग काट्यावर ठेवली, तर ती रिकामीच अडीच किलो भरली!

चाकांवर माझा राग नाही. बर्नार्ड सॅडो नावाच्या अमेरिकन माणसाला चाकांच्या सूटकेसचं पेटंट १९७२ साली मिळालं. ती आडवी, चार चाकांची, पट्ट्यानं ओढायची. तिला उभी करून दोन चाकं आणि लांब दांडा लावला १९८७ च्या सुमारास रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकानं. सॅडोच्या आधी बहुतेक लोक सूटकेस हातानंच उचलत होते. दोघांचे उपकार आहेतच, पण अडीच किलो म्हणजे अडीच किलो. मी पाठीवरची सॅक काढली.

कपडे चार जोड. पॉवर बँक बरोबरच ठेवावी लागते, चेक-इनच्या सामानात चालत नाही. जाकीट मात्र काढून ठेवलं. मे महिन्यात कशाला हवंय! (आत्या यावर बराच वेळ बोलत होती.)

पातळ पदार्थांच्या नियमावर मी मात खाल्ली. लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट ऑगस्ट २००६ मध्ये उघड झाला, त्यानंतर १०० मिलिलिटरचं बंधन आलं. काही विमानतळांवर आता ते सैल झालंय, माझ्या नशिबी आलेल्या विमानतळावर नव्हतं. माझी क्रीमची ट्यूब पार पिळून चपटी झालेली, आत दोन बोटांपुरतं क्रीम. तपासणीवाल्या बाईंनी ट्यूब उलटी करून छापलेला आकडा दाखवला: १५०. आत किती आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ट्यूब डब्यात गेली.

मैत्रीण कालव्याकाठच्या जुन्या घरात, तिसऱ्या मजल्यावर राहते. जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडीच. अशा घरांच्या माथ्यावर एक तुळई बाहेर आलेली असते आणि तिला हुक. जिन्यातून कपाट, पलंग जात नाहीत, मग ते दोरानं बाहेरूनच वर ओढून खिडकीतून आत घेतात. सामान भिंतीवर आपटू नये म्हणून जुनी घरं मुद्दाम जराशी पुढे झुकवून बांधलेली. "तुझ्या बॅगेसाठी हुकाला दोर लावावा लागणार असं वाटलं होतं," ती दारातच म्हणाली. मी सॅकसकट झपझप वर चढले आणि जरा जास्तच ऐटीत उभी राहिले.

ऐट संध्याकाळपर्यंत टिकली. पाऊस सुरू झाला, वारं सुटलं. तिनं न बोलता आपलं मरून जाकीट काढून दिलं. मग छत्री. मग चार्जर, क्रीम, रात्री घालायला ढगळ टीशर्ट. तिसऱ्या दिवशी माझे कपडे तिच्या वॉशिंग मशीनमध्ये फिरत होते आणि मी समोर बसून हिशोब करत होते. माझी सॅक सात किलोंची होती, कारण तिचं कपाट भरलेलं होतं.

व्हेनिसमध्ये तरी सॅकनं नाव राखलं. तिथे चारशेहून जास्त पूल, आणि बहुतेकांना पायऱ्या. स्टेशनजवळच्या एका पुलावर एक जोडपं भल्या मोठ्या सूटकेसची दोन्ही टोकं धरून एकेक पायरी चढत होतं, दर पायरीला एकमेकांकडे न बघता. मी बाजूनं पुढे गेले. गल्ल्यांत तीनदा वाट चुकले, तरी "कंटाळा आला" म्हणायलाही कुणी नव्हतं, म्हणून बहुधा आलाच नाही.

वारं आलं म्हणून जाकिटाच्या खिशात हात घातला, तर घडी घातलेला चिठोरा लागला. मैत्रिणीचं अक्षर. बल्ब, डिटर्जंट, आईला फोन. पहिल्या दोन्हींवर काट मारलेली. फोटो काढून पाठवला. तासाभरानं उत्तर आलं, "आत्ता केला. चाळीस मिनिटं. रागावली होती."

निघायच्या आदल्या रात्री ती म्हणाली, "अगं, आईसाठी एवढंसं नेशील?" एवढंसं म्हणजे दोन किलोंचं पुडकं. मी सॅक पलंगावर उलटी केली. दोन शर्ट, पायजमा, टॉवेल आणि कादंबरी (हो, ती आलीच होती) बाजूला काढली आणि तिच्या कपाटात एक कोपरा मोकळा केला.

"हे गं काय?"

"राहू दे इथंच," मी म्हटलं. "पुढच्या वेळी लागलं तर!"