'एरर कोड भरणे अनिवार्य आहे'

ज्या थर्मोस्टॅटमध्ये (घराचं हीटिंग चालू-बंद करणारा भिंतीवरचा डबा) मुळात बॅटरीच नाही, त्याची "बॅटरी बदलून पाहिली का?" हा प्रश्न मला तीन आठवड्यांत सात वेळा विचारला गेला. मी मोजलेत. राग अजून पुरता उतरलेला नाही, तेव्हा लिहिताना सूर जरा चढला तर सांभाळून घ्या.

दुखणं असं होतं. ऐन थंडीत पहाटे चार-साडेचारला थर्मोस्टॅटची स्क्रीन काळी व्हायची आणि हीटिंग बंद पडायचं. मग आठ-नऊच्या सुमारास आपोआप सगळं सुरू, जणू काही झालंच नाही. सासूबाई पहाटे उठणाऱ्या, त्यामुळे पहिली खबर त्यांच्याकडून. डोक्यावरून शाल घेऊन दारात उभ्या: "अगं, तो डबा परत झोपला बघ." रात्री मी २० अंशांवर ठेवलेलं, आणि टेबलावरच्या साध्या थर्मामीटरवर १४.

पहिल्या दिवशी सगळे जे करतात ते केलं. ब्रेकर पाहिला, फिल्टर बदलला, फर्नेसचं, म्हणजे तळघरातल्या घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीचं, झाकण दाबून बसवलं (झाकणामागे एक स्विच असतो, ते जरा सैल राहिलं तरी फर्नेस बंद). नऊ वाजता स्क्रीन उजळली. मला वाटलं, माझ्याच हाताला यश आलं. दुसऱ्या पहाटे पुन्हा काळोख.

मग मी थर्मोस्टॅटच्या कंपनीला फोन लावला आणि फसले.

त्यांची हेल्पलाइन सकाळी नऊला उघडते. माझा थर्मोस्टॅट साधारण तेव्हाच शुद्धीवर येतो. "मॅडम, आत्ता स्क्रीनवर काय दिसतंय?" आत्ता १७ दिसतंय, हीटिंग चालू आहे. "म्हणजे चालतोय ना?" अहो, आत्ता चालतोय, पहाटे नव्हता. "बॅटरी बदलून पाहिली का?" मी सांगायचे की याला भिंतीतल्या वायरीतून वीज मिळते, त्यासाठी लागणारी 'सी' नावाची वायर जोडलेली आहे, बॅटरीला जागाच नाही. पलीकडे टकटक टाइप केल्याचा आवाज, मग "मॅडम, एकदा बॅटरी बदलून बघा, चोवीस तास वाट बघा, मग परत फोन करा." दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरणाऱ्या पोराच्या आईचं काय होत असेल, ते मला त्या दिवसांत कळलं.

चौथ्या फोनवर एकदाचं ठरलं की वॉरंटीत बदलून देऊ, फक्त फॉर्म भरा. फॉर्म एका पानाचा, पण सीरियल नंबर थर्मोस्टॅटच्या पाठीवर, म्हणजे तो भिंतीवरून ओढून काढा. अक्षरं मुंगीएवढी; फोनने फोटो काढून मोठा करून वाचावी लागली. तेही जमलं. त्याच्याखाली लाल चांदणी लावलेला एक चौकोन: 'एरर कोड'. माझी स्क्रीन काळी होते. काळ्या स्क्रीनवर कोड कुठून येणार? मी लिहिलं 'कोड दिसत नाही'. उत्तर आलं: 'एरर कोड भरणे अनिवार्य आहे.' रिकामं सोडलं, फॉर्म पुढे सरकेना. शेवटी बिघाडाचा फोटो जोडायची सोय होती तिथे, पहाटे पावणेपाचला कुडकुडत काळ्या स्क्रीनचा फोटो काढून पाठवला. दोन दिवसांनी मेल: 'फोटो स्पष्ट नाही. कृपया पुरेशा प्रकाशात पुन्हा काढावा.' दिवा लावून परत काढला. आता त्या काळ्या काचेत दिवा आणि शाल पांघरलेली मी, दोघं झकास दिसत होतो. तोही नापास.

या सगळ्यात दहा दिवस गेले. रोज झोपताना मी २३ वर करून ठेवायचे, म्हणजे बंद पडेपर्यंत घर जरा जास्त तापेल. हा मूर्खपणा होता. का, ते पुढे येईल.

सहाव्या फोनवर एक मुलगी भेटली. तिने सगळं ऐकून घेतलं, क्षणभर थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, तिथे ई०१ टाका, पुढे जाईल." टाकलं. गेलं! नवा थर्मोस्टॅट सहा दिवसांनी घरी. (सातवा फोन त्यांचाच होता, पार्सल मिळालं का विचारायला. जाता जाता बॅटरीचंही विचारून घेतलं.)

जोडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. जुना काढायच्या आधी कुठली वायर कुठल्या अक्षराखाली आहे त्याचा फोटो काढून ठेवा, रंगांवर विसंबू नका. लाल वायर बहुधा आर ला (इथून वीज येते) आणि पांढरी डब्ल्यू ला (इथून फर्नेसला पेटायचा इशारा जातो) असते, पण बसवणाऱ्याच्या हाताला येईल ती वायरही लागलेली असते. आणि आधी ब्रेकर बंद. नवा दोन दिवस छान चालला. ते दोन दिवस थंडी कमी होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. तिसऱ्या पहाटे थंडी परतली आणि दारात सासूबाई: "अगं, नवा पण झोपला."

त्या क्षणी मला हसू आलं आणि मग डोकं चालू झालं. दोन वेगवेगळे डबे एकाच वेळेला झोपतात, तर दोष डब्यात नाही, त्याच्यापर्यंत वीज पोचत नाही. हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. मल्टिमीटर घरात होता. पण मी तो दिवसा वापरला होता आणि दिवसा सगळं ठीकच यायचं. बिघाड असताना मोजायचं, हे हेल्पलाइनवर कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

तर पहाटे पाच वाजता, मीटर एसी व्होल्टवर ठेवून, थर्मोस्टॅटच्या पाटीवर आर आणि सी च्या मध्ये: शून्य. तिथे २४ च्या आसपास यायला हवं, कारण फर्नेसमधला ट्रान्सफॉर्मर घरची वीज उतरवून २४ व्होल्ट करतो आणि थर्मोस्टॅट त्यावरच जगतो. मग तळघरात. खालचं झाकण काढलं की तो स्विच वीज तोडतो, म्हणून तो हाताने दाबून धरावा लागतो. धरायला सासूबाई! एका हाताने शाल, एका हाताने स्विच. फर्नेसच्या सर्किट बोर्डावर त्याच दोन टर्मिनलांमध्ये मोजलं: २६. फ्यूजही धड. म्हणजे वीज बोर्डातून निघते आणि वर पोचत नाही. मधे आहे फक्त वायर.

मी लाल वायर बोटाने धरून निघाले. ती भिंतीत शिरायच्या ऐवजी खाली जमिनीकडे गेली. तिथे फर्नेसच्या पायाशी बुटाच्या खोक्याएवढा प्लॅस्टिकचा डबा आहे, मी आजवर त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. लाल वायर तिथे तोडून त्या डब्याच्या दोन बारीक वायरींना जोडलेली होती, आणि मग वर भिंतीत. डबा मंद गुणगुणत होता. झाकण उचललं तर काठोकाठ पाणी.

तो पाण्याचा पंप होता. गॅस जळताना वाफ तयार होते, आणि ९० टक्क्यांहून जास्त कार्यक्षमतेच्या फर्नेस तिच्यातलीही उष्णता काढून घेतात, म्हणून तिचं पाणी होतं. ते डब्यात जमतं आणि पंप एका बारीक नळीतून बाहेर फेकतो. पंपाने काम केलं नाही तर पाणी तळघरभर होऊ नये म्हणून आत एक तरंगता स्विच असतो, आपल्या टाकीतल्या बॉलकॉकचा भाऊ. पाणी फार चढलं की तो लाल वायर तोडतो. थर्मोस्टॅट काळा, फर्नेस बंद, नवं पाणी बंद. माझ्या पंपाची नळी शेवाळासारख्या बुळबुळीत घाणीने जवळजवळ बुजली होती, पाणी थेंबाथेंबाने जायचं. रात्रभर फर्नेस सलग चाले, पहाटेपर्यंत डबा भरे. मग तीन-चार तासांत हळूहळू उपसला की सगळं परत सुरू. आणि मी २३ वर ठेवून फर्नेस आणखी पळवत होते, म्हणजे डबा आणखी लवकर भरत होते.

पंपाचा प्लग काढला, डबा कोमट पाण्याने आणि थोड्या व्हिनेगरने धुतला, नळी फुंकून मोकळी केली, पाणी उलटं येऊ न देणारी छोटी झडपही घासली. अर्धा तास. त्यानंतर थर्मोस्टॅट एकदाही झोपला नाही.

काही जण आर आणि डब्ल्यू तारेच्या तुकड्याने जोडून फर्नेस पेटते का बघतात. चाचणी चांगली आहे, पण हे बोर्डावर केलं तर तो तरंगता स्विच बाजूलाच राहतो, तेव्हा मिनिटभर बघून तुकडा काढायचा. तसंच ठेवून झोपायचं नाही. गॅसचा वास आला किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर मीटरबीटर टाकून आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं. आणि ज्यांच्या थर्मोस्टॅटला खरंच बॅटरी आहे त्यांनी ती बदलून पाहावी, एवढा न्याय मी हेल्पलाइनला देते.

जुना थर्मोस्टॅट ३० दिवसांत परत पाठवायचा होता, त्याचाही फॉर्म. परतीच्या कारणांत 'उपकरण ठणठणीत आहे' असा पर्याय नव्हता. खाली तोच चौकोन, लाल चांदणीसकट. ई०१ टाकलं, लगेच स्वीकारला.